पडद्यावर पापुद्रा आलाय म्हणतात, तेव्हा

ओसीटीच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या थरांचं चित्र काढणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टवर ‘ईआरएम’ (एपिरेटिनल मेम्ब्रेन, पडद्यावरचा पापुद्रा) लिहिलेलं असलं की बरेच लोक त्याला मोतीबिंदूच समजतात. मोतीबिंदू पुढच्या भिंगात होतो. हा पापुद्रा डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, बारीक पाहण्याची जागा असलेल्या मॅक्युलावर धरतो. पन्नाशीनंतर डोळ्यातली जेली पडद्यापासून सुटू लागते. सुटताना काही पेशी पडद्यावर उरतात, वाढतात आणि त्यांचा पारदर्शक थर बनतो. थर आकसला की खालचा पडदा चुणतो, आणि सरळ रेषा वाकडी दिसते. मधुमेह, पडद्याची तुंबलेली शीर, पडद्याला पडलेली फट, मार किंवा आधीचं ऑपरेशन यांमुळेही हे होतं.

दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा दुसऱ्याचं उणं झाकतो, म्हणून तपासणी एकेका डोळ्यानेच करायची. कागदावर १० सेंमीचा चौरस काढा, आत दर ५ मिमीवर उभ्या-आडव्या रेघा आणि मधोमध ठळक ठिपका. वाचायचा चष्मा लावून, चांगल्या उजेडात, साधारण ३० सेंमीवर धरा. एक डोळा तळहाताने झाका, पण दाबू नका. दाबला तर नंतर त्याच डोळ्याने धूसर दिसतं. नजर ठिपक्यावरच ठेवा. रेघा वाकतात, चौकोन लहानमोठे दिसतात की काही गायब होतात, ते तारीख घालून त्याच कागदावर नोंदवा. आठवड्यातून एकदा पुरे.

वाकडेपणा महिनोन्‌महिने हळूहळू वाढत असेल तर ठरलेल्या भेटीपर्यंत थांबता येतं. एक-दोन दिवसांत अचानक आला, मध्ये काळा डाग पडला, विजेसारखे झोत दिसले किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी रेटिना तज्ज्ञाकडे जा. ते दुखणं वेगळं असू शकतं आणि तिथे उशीर महागात पडतो. तपासणीत बाहुली मोठी करतात; परत येताना गाडी दुसऱ्याच्या हाती द्या.

या पापुद्र्यावर थेंब किंवा गोळी नाही, आणि चष्म्याचा नंबर बदलून चूण जात नाही. दृष्टी फारशी बिघडली नसेल तर ठरावीक काळाने ओसीटी करून नुसतं लक्ष ठेवणं हाच योग्य मार्ग. रिपोर्ट वाईट दिसतो म्हणून ऑपरेशन नको. वाचन, शिवण, गाडी चालवणं अडतंय का, ते बघायचं. मोतीबिंदूही असेल तर ऑपरेशनाआधी ओसीटी मागून घ्या. मॅक्युला चुणलेला असताना मल्टिफोकल (जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणाऱ्या) भिंगाचे पैसे सहसा वाया जातात.

ऑपरेशनचं नाव विट्रेक्टॉमी. बुबुळाच्या कडेपासून ३.५ ते ४ मिमीवर तीन बारीक छिद्रं पाडून जेली काढतात, निळा रंग टाकून थर उठून दिसेल असं करतात आणि नाजूक चिमट्याने सोलतात. बहुतेकदा डोळाच बधिर करतात, भूल लागत नाही. ऑपरेशनच्या वेळी डोळ्यात गॅस भरला असेल तर तो विरेपर्यंत विमान बंद, उंच घाटातला प्रवासही विचारूनच. दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनची वेळ आली तर भूलतज्ज्ञाला गॅसबद्दल आधी सांगा. डोक्यावरून आंघोळ डॉक्टर सांगतील तेव्हाच. दुखणं, लाली वाढली किंवा नजर घटली तर रात्र काढू नका, संसर्ग असू शकतो.

सुधारणा आठवड्यांत नाही, महिन्यांत मोजा. तीन ते सहा महिने, कधी वर्षही. वाकडेपणा कमी होतो, पूर्ण क्वचितच जातो. आणि स्वतःचं भिंग शाबूत असेल तर पन्नाशीपुढच्या बहुतेकांना या ऑपरेशननंतर एक-दोन वर्षांत मोतीबिंदू होतोच, तेव्हा त्या खर्चाची तजवीज आधीच करून ठेवलेली बरी.