जुनी जिप्सी घेताना: आधी कागद, मग पत्रा, इंजिन शेवटी

हौसेखातर मारुतीची जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जिप्सी घ्यायला गेलेला माणूस सहसा आधी बॉनेट उघडायला लावतो. इंजिनाचा आवाज ऐकतो, धूर नाही ना बघतो आणि खूश होऊन टोकन देऊन मोकळा होतो. खरं तर या गाडीत इंजिन हे सगळ्यात सोपं दुखणं. १३०० सीसीचं इंजिन मारुतीच्याच एस्टीममध्येही होतं. त्यामुळे ते उघडलेला मेकॅनिक तालुक्याच्या गावीही भेटतो. सडलेली चेसिस आणि आरसीशी न जुळणारा नंबर यांना मात्र कुठल्याच मेकॅनिककडे स्वस्त औषध नाही. म्हणून गाडी बघण्याचा क्रम उलटा ठेवा.

कोणती जिप्सी?

डिसेंबर १९८५ मध्ये आलेल्या एमजी४१० ला ९७० सीसीचं, ४५ अश्वशक्तीचं कार्बोरेटर इंजिन आणि ४ गिअर होते. १९९३ मध्ये डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर ९० मिलिमीटरने वाढवून 'वाइडट्रॅक' आली. १९९६ ची जिप्सी किंग, म्हणजे एमजी४१३डब्ल्यू, १२९८ सीसी, ६० अश्वशक्ती आणि ५ गिअरची. २००० मध्ये तिला १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं) इंजिन मिळालं आणि ताकद ८० अश्वशक्तीवर गेली.

पहिलाच प्रकल्प असेल तर २००० नंतरची एमपीएफआय घ्या. थंडीत चोक ओढत बसावं लागत नाही, आणि पार्ट बहुतेक सगळे मिळतात. अरुंद ट्रॅकची जुनी ४१० दिसायला देखणी आहे, पण तिच्यासाठी लागणारे मूळ बारीकसारीक पार्ट शोधण्यात महिने जातात. ज्याला शोधाशोधच आवडते त्याने ती खुशाल घ्यावी.

कागद

गाडी बघायला जाण्याआधी नंबर मागून घ्या आणि 'परिवहन'च्या पोर्टलवर टाकून बघा. नोंदणीची तारीख, इंधन, फिटनेसची मुदत, बँकेचा बोजा, थकलेली चलनं हे सगळं तिथे कळतं. बोजा दिसत असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. 'कर्ज कधीच फिटलंय, फक्त नोंद राहिलीय' हे वाक्य खरंही असतं, पण बुडालेल्या किंवा दुसऱ्या बँकेत विलीन झालेल्या बँकेचं पत्र आणताना जी पायपीट होते ती विकणाऱ्याने करावी, तुम्ही नव्हे.

प्रत्यक्ष गाडीपाशी चेसिस नंबर वाचा. नुसत्या रिव्हेट केलेल्या पाटीवर विसंबू नका, पाटी दुसऱ्या गाडीची आणून लावता येते. चेसिसच्या पट्टीवर ठोकलेला नंबर तारेच्या ब्रशने साफ करा, वर कागद धरून पेन्सिल घासा आणि तो छाप आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. नंबराभोवतीचा पत्रा ग्राइंडरने चकचकीत झालेला असेल, एखादा अंक बाकीच्यांपेक्षा खोल किंवा तिरका असेल, तर तिथूनच परत फिरा. इंजिन नंबरचंही तेच. डोंगराळ भागातल्या काही जिप्सींमध्ये डिझेल इंजिन बसवलेलं असतं आणि आरसीवर मात्र पेट्रोल लिहिलेलं असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय असा बदल चालत नाही, आणि फेरनोंदणीच्या वेळी इन्स्पेक्टरसमोर हे उघडं पडतंच.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे फॉर्म २५ भरून, गाडी दाखवून ५-५ वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीला याची फी ५,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारींसाठी ती १०,००० झाली. महाराष्ट्रात यावर पर्यावरण कर वेगळा. मुदत संपून किती वर्षं झाली ते बघा, उशिराचा दंडही तुमच्याच खिशातून जाणार आहे. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. त्यावर मालकाची सही तुमच्यासमोर झालेली बरी. कोऱ्या फॉर्मवर आधीच घेतलेल्या सह्या एजंटांकडे गठ्ठ्याने असतात, आणि मधला एखादा मालक कागदावर आलेलाच नसतो.

बाहेरच्या राज्यातल्या गाडीला फॉर्म २८ ची एनओसी लागते आणि महाराष्ट्रात कर पुन्हा भरावा लागतो. दिल्लीच्या जिप्सी स्वस्त दिसतात त्याचं कारण तिथे १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर असलेली बंदी. एनओसी निघालेली असेल तर हा सौदा चांगला ठरू शकतो. आरसी रद्द झालेली असेल तर ती गाडी म्हणजे फक्त सुटे पार्ट, भावही त्याच हिशेबाने करा. लष्कराच्या लिलावातून आलेल्या गाड्यांचंही असंच. नंबरात उभा बाण असलेली गाडी नागरी नंबर पडल्यावरच घ्या. 'करून देतो' म्हणणाऱ्याला 'झाल्यावर फोन कर' एवढंच सांगा.

पत्रा आणि चेसिस

ताजा रंग दिसला की खूश होऊ नका, सावध व्हा. वरून कीर्तन आतून तमाशा हा प्रकार जिप्सीत फार. सोबत एक लोहचुंबक फडक्यात गुंडाळून न्या, शिवाय स्क्रू-ड्रायव्हर, छोटी हातोडी आणि टॉर्च. चुंबक जिथे सैल धरतो तिथे पुट्टी आहे.

पहिली जागा म्हणजे ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट. ती पूर्ण उचला. खालचं फेल्ट पाणी धरून ठेवतं आणि पत्रा वरून खाली सडत जातो, म्हणून गाडीखालून बघितलं तर ठीक वाटतं. मग सीटचे ब्रॅकेट, मागच्या चाकांच्या कमानीची आतली बाजू, टेलगेटजवळचे कोपरे, आणि काचेच्या फ्रेमचे खालचे दोन कोपरे. फ्रेमचा कोपरा सडला तर काचेचं रबर कितीही बदला, पावसाचं पाणी डॅशबोर्डमागे उतरणार आणि वायरिंगची वाट लावणार.

आता खाली झोपा. चेसिस पोकळ आहे, चिखल आत साठतो आणि ती आतून बाहेर सडते. मागची आडवी पट्टी, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) शॅकल, म्हणजे झुलत्या कड्या, जिथे बसतात तो भाग, आणि बॉडी ज्या रबरांवर टेकते ते ब्रॅकेट हातोडीने ठोकत जा. ठणठणीत आवाज आला तर पत्रा जिवंत आहे, भद्द आवाज आला तर तिथे स्क्रू-ड्रायव्हर जोराने टेकवा. तळाला नुकताच काळा कोट मारलेला असेल तर मालकाला विचारून एक-दोन जागी खरवडा. खरवडू देत नसेल तर उत्तर मिळालंच. कोकणातली किंवा गोव्यातली गाडी असेल तर ही तपासणी दुप्पट वेळ घेऊन करा. खाऱ्या हवेत दोन दशकं काढलेल्या चेसिसवर बाहेरून खवले दिसतात, तोवर आतली जाडी निम्मी झालेली असते.

बॉडीचा पत्रा कापून नवा जोडता येतो. चेसिसला एका जागी भोक असेल तरी चांगला वेल्डर ते काम करतो. पण शॅकलजवळ दोन्ही बाजूंनी सडलेली किंवा पूर्वीच कोणीतरी पट्ट्या ठोकून जोडलेली चेसिस सोडून द्या.

एक्सल, स्टिअरिंग, फोर-व्हील

५०-६० च्या वेगात खड्डा लागला की स्टिअरिंग थरथरत सुटतं, हा जिप्सीचा नेहमीचा रोग. विकणारा 'बॅलन्सिंग करून घ्या' म्हणतो. कारण शोधायचं तर पुढचं एक चाक जॅकवर उचला, वरून आणि खालून धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग सैल आहे, तसाच राहिला तर किंगपिनची, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं तिची, बेअरिंगं गेली आहेत. किंगपिनचं काम करताना बेअरिंगांसोबत शिम (पातळ चकत्या) कमी-जास्त करून ताण जुळवावा लागतो. नुसती बेअरिंगं बदलून शिम होते तसेच ठेवले तर थरथर महिन्याभरात परत येते. चाक डावी-उजवीकडून हलवल्यावर खेळ असेल तर टाय रॉडचे एंड बघा.

चाकामागचा गोळा, ज्यावर चाक धरणारं नकल फिरतं, तोही नीट बघा. त्यावर जाड काळं ग्रीस असेल तर चालेल. पातळ ऑइल ओघळत असेल तर एक्सलचं आतलं सील फाटलंय आणि डिफरन्शियलचं (एक्सलमधल्या गिअरच्या गोळ्याचं) ऑइल बाहेर येतंय. पुढे ते ब्रेकवर जातं. सील बदलताना डिफरन्शियलचा ब्रीदर, म्हणजे हवा जायची वाट, साफ करायचं बहुतेक ठिकाणी राहून जातं. तो चिखलाने बुजला की गरम हवेला वाट उरत नाही आणि नवं सीलही गळू लागतं.

पुढच्या एक्सलला ताकद पोचवणारा प्रोपेलर शाफ्ट जागेवर आहे का हे वाकून बघा. मायलेज वाढवायला तो काढून ठेवलेला असतो आणि मग हरवतो. पुढची चाकं एक्सलला जोडायचे-सोडायचे, हाताने फिरवायचे हब असतील तर दोन्ही फिरतात का पाहा. चाचणी मातीवर किंवा खडीवर घ्या. जिप्सीला पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नाही, त्यामुळे डांबरी रस्त्यावर ४एचमध्ये (फोर-व्हीलच्या वेगवान गिअरमध्ये) वळलं की गाडी आखडते आणि दोष नसतानाही दोष वाटतो. ४एलमध्ये (फोर-व्हीलच्या हळू, जोरकस गिअरमध्ये) उतारावर सोडा, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. लिव्हर आपोआप न्यूट्रलला उडाला तर ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा डबा, उघडावी लागेल. ती गिअरबॉक्सपासून वेगळी, रबरी माउंटिंगवर बसवलेली असते. गिअर टाकताना धाडकन आवाज येतो त्यामागे निम्म्या वेळा फक्त ही रबरं असतात, म्हणून लगेच घाबरू नका, पण भाव करताना मुद्दा जरूर काढा.

मोठ्या टायरांना भुलू नका. किंगचा मूळ टायर २०५/७० आर१५. त्याजागी २३५/७५ बसवला की व्यास सुमारे १० टक्क्यांनी वाढतो. मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने धावत असते, आणि बेअरिंग-ब्रेकवरचा भार वाढतो तो वेगळाच. मूळ मापाच्या रिम आहेत का ते विचारून घ्या.

इंजिन

येण्याआधी गाडी सुरू करू नका असं सांगून ठेवा आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. थंड इंजिन सुरू होताना निळा धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील, सतत निळा असेल तर रिंगा. गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट. कॉम्प्रेशन गेज मिळाला तर चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून मोजा. धडधाकट १३०० मध्ये १७० ते २०० पीएसआय येतो. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १५ पीएसआयहून खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंगा, नाही आला तर व्हॉल्व्ह. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप मात्र काही न विचारता बदलायचेच आहेत असं धरून चला.

घरी आणल्यावर

एक मोह टाळा: पहिल्याच रविवारी सगळी गाडी खोलू नका. अर्धवट सोडलेल्या जिप्सी विक्रीला येतात त्या बहुतेक खोक्यांतच येतात. आधी ती चालती, थांबती करा. ब्रेकचे रबर किट, सगळे लवचीक होज, मास्टर सिलिंडरची रबरं आणि नवं डॉट ३ ऑइल. मग सगळी ऑइलं: इंजिनात फिल्टरसह साधारण ३.५ लिटर, गिअरबॉक्सला १.३, ट्रान्सफर केसला ०.८, पुढच्या डिफरन्शियलला २ आणि मागच्याला १.५ लिटर. कुठलंही ऑइल काढण्याआधी भरायचा प्लग सुटतो का ते बघा. खालचा प्लग काढून ऑइल सांडल्यावर वरचा गंजून बसलाय हे कळलं तर गाडी जागेवरच अडकते. जुनं ऑइल भांड्यात धरा. करडं, दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, चकाकणारे कण दिसले तर दात झिजतायत.

पेट्रोलच्या रबरी नळ्या सगळ्या बदला आणि इथेनॉल चालणाऱ्याच घ्या. जुन्या जातीचं रबर ई२० मध्ये, म्हणजे २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये, फुगतं, मऊ पडतं. कार्बोरेटर असेल तर त्याचं किटही बदला. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि टाकी आतून गंजते.

पत्र्याचं काम यानंतर. गंजलेल्या भागावर पट्टी ठेवून वेल्डिंग करणाऱ्याला थांबवा. चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढायचं, तेवढ्याच मापाचा तुकडा, फ्लोअरला साधारण १.२ मिलिमीटरचा, कडेला कड लावून जोडायचा. सलग वेल्डिंग केलं तर पत्रा तापून वेडावाकडा होतो, म्हणून थोड्या थोड्या अंतरावर टाके घेत जायचं. वेल्डिंगआधी बॅटरी काढा, पेट्रोलची टाकी तर उतरवूनच ठेवा. बॉडी उचलायची असेल तर तिच्या बोल्टांवर गंज सोडवणारं ऑइल आधी काही दिवस रोज मारत राहा, नाहीतर बोल्टसोबत ब्रॅकेटही उखडून येतो. जोडाच्या दोन्ही बाजूंना इपॉक्सी प्रायमर लावा, चेसिसच्या पोकळीत वॅक्स फवारा आणि फ्लोअरची पाणी जायची भोकं उघडी आहेत ना बघा. उत्साही पेंटर ती पुट्टीने बुजवून टाकतात.

रंग पावसाळ्यात मारू नका, हवेतल्या दमटपणाने चकाकी मरते. दिवाळीनंतर काम द्या. रंग बदलायचा असेल तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. आणि एक रंग यादीतून आधीच काढून टाका. ऑलिव्ह ग्रीन जिप्सीला शोभतो हे खरं, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२१ तो फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखून ठेवतो. लिलावातून आलेल्या गाडीलाही त्यात सूट नाही.