मेंढ्या एकदम माजावर आणून कृत्रिम रेतन करायचंय? मग स्पंज काढायची वेळ घड्याळ लावून ठरवा

मेंढी दर 17 दिवसांनी माजावर येते आणि माज जेमतेम दीड दिवस टिकतो, त्यात गाईसारखी हंबरत नाही की काही नाही, मेंढा जवळ नसेल तर कळतच नाही. म्हणून सगळी खांड एकदमच माजावर आणायची आणि माज शोधत न बसता ठरलेल्या तासाला रेतन करायचं.

पण आधी वेण्याचा महिना बघा. गाभणकाळ साधारण 150 दिवस, म्हणजे जूनच्या शेवटी भरवल्या तर नोव्हेंबरच्या शेवटी कोकरं, तेव्हा चारा आहे का, सगळ्या एकाच आठवड्यात व्यायल्यावर रात्री वाड्यावर माणसं आहेत का? नसेल तर हा खर्च करूच नका.

मेंढ्या निवडताना एकदा तरी व्यालेल्या, कोकरू तोडलेल्या, अंगानं बऱ्या अशाच घ्या. पाठीवर हात फिरवल्यावर मणके टोचत असतील तर ती बाजूला काढा. जंत आधीच पाडा आणि 2-3 आठवडे आधीपासून रोज थोडा भरडा सुरू करा, नुसत्या इंजेक्शनावर भरवसा ठेवून उपाशी मेंढी गाभण राहत नाही हो.

आता स्पंज, म्हणजे मेंढीच्या योनीत ठेवायचा औषधी बोळा. त्यात प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन असतं, ते असेपर्यंत माज दबून राहतो आणि काढला की सगळ्यांचा माज जवळपास एकत्र उठतो. राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी संशोधन संस्थेनं देशी स्पंजही तयार केलाय. हातमोजे घालून, मागचा भाग धुऊन, नळीला निर्जंतुक जेल लावून हळूच आत सोडायचा, दोरी थोडीच बाहेर ठेवायची नाहीतर दुसऱ्या मेंढ्या चावून ओढतात. 12 ते 14 दिवस ठेवायचा. काढताना घाण वास आणि पांढरट पाणी येतं, घाबरू नका. दोरी दिसली नाही तर स्पंज पडला असं धरू नका, बोटानं तपासा.

काढतानाच पीएमएसजीचं (बीजं पिकवणाऱ्या हार्मोनचं) इंजेक्शन देतात, डोस डॉक्टरांनीच ठरवायचा. जास्त दिलं की तीन-चार कोकरं होतात आणि जगत नाहीत. फलटणच्या निंबकर संस्थेच्या नारी सुवर्णासारख्या मेंढ्यांत जुळ्यांचा जनुक मुळातच असतो, तिथं तर फारच जपून. स्पंजाऐवजी प्रोस्टाग्लँडिनचं (माजावर आणणाऱ्या दुसऱ्या हार्मोनचं) इंजेक्शन द्यायची पद्धत स्वस्त पडते पण मेंढी आधीच गाभण असेल तर गाभडते, म्हणून खात्री असेल तरच.

स्पंज काढल्यापासून 50 ते 55 तासांनी रेतन. सोमवारी सकाळी सहाला काढले तर बुधवारी आठ ते दुपारी एकमध्ये उरकायचं. प्रत्येक मेंढीची काढायची वेळ वहीत लिहा आणि त्याच क्रमानं रेतन करा, माझ्या मते अर्धं यश इथेच आहे.

वीर्य ताजंच वापरा. मेंढीच्या गर्भाशयाच्या तोंडाला आत वेडीवाकडी वळणं असतात, गन (वीर्य सोडायची नळी) आरपार जात नाही आणि गोठवलेलं वीर्य तोंडापाशीच सोडलं तर फार कमी मेंढ्या गाभण राहतात, त्याला दुर्बिणीतून थेट गर्भाशयात सोडावं लागतं, ते तज्ज्ञाचं काम. मेंढ्याची ब्रुसेलाची (गाभडवणाऱ्या संसर्गजन्य रोगाची) तपासणी आधीच करून घ्या. पातळ केलेलं वीर्य उन्हात ठेवायचं नाही, गरम-गार धक्का बसू द्यायचा नाही.

मेंढीचे मागचे पाय उचलून आडव्या दांडीवर टेकवायचे, लाइटचा स्पेक्युलम (योनी उघडून आत बघायचं साधन) घालून तोंड शोधायचं, गन जाईल तेवढीच आत, जोर लावून रक्त काढलंत तर ती मेंढी गेलीच समजा. नंतर लगेच कुत्री मागे लावून लांब हाकू नका, सावलीत बसू द्या.

दोन आठवडे मेंढा लांबच ठेवा, मग सोडा, म्हणजे उलटलेल्या (गाभण न राहता परत माजावर आलेल्या) त्याच्याकडून भरतील आणि कोणतं कोकरू कोणाचं हे वेण्याच्या तारखेवरून कळेल. सोनोग्राफी 35 दिवसांनंतर करा, भाकड निघतील त्यांचा खुराक तिथेच थांबवा आणि तो जुळी असणाऱ्यांना शेवटच्या दीड महिन्यात घाला.