महागडा हेडफोन ॲम्प खरंच वेगळा वाजतो का? घरच्या घरी तपासायची रीत

सांगली-साताऱ्यात राहून हेडफोन ॲम्प (हेडफोनला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) घ्यायचा म्हणजे बहुतेक वेळा न ऐकताच मागवायचा. पाच हजारांचा घ्यावा की पन्नास हजारांचा, हे मग दुसऱ्या कुणाच्या वर्णनावर ठरतं: आवाज मोकळा आहे, बेस घट्ट आहे, वगैरे. त्यातलं खरं किती, हे परत पाठवायची मुदत संपायच्या आत आपल्या टेबलावरच तपासता येतं.

आमचं मत आधीच सांगतो. हेडफोनला पुरेल एवढा व्होल्टेज, कमी आउटपुट इम्पिडन्स (ॲम्पच्या आतला अडथळा, ओहममध्ये) आणि ऐकू न येणारी खरखर या तीन गोष्टी जमल्या, की आवाज सारखा केलेल्या दोन ॲम्पमधला फरक कानाला सांगता येत नाही. आणि या तीन गोष्टी आज स्वस्तातही मिळतात. ॲपलचा यूएसबी-सी ते ३.५ मिमी छोटा डोंगल साधारण १ व्होल्ट देतो आणि त्याचा आउटपुट इम्पिडन्स १ ओहमच्या आसपास असतो. महागाचे पैसे जास्त ताकद, जास्त सॉकेट, चांगला नॉब आणि मजबूत डबा यांचे असतात. त्यासाठी कुणी ते मोजले तर त्यात गैर काही नाही, फक्त ते कशाचे मोजले हे माहीत असावं.

आधी हिशेब: ताकद पुरते का?

हेडफोनच्या माहितीत संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक ताकदीला तो किती मोठा वाजतो, ते दिलेलं असतं. हा आकडा प्रति मिलिवॅट आहे की प्रति व्होल्ट, हे नीट बघा. ३२ ओहमच्या हेडफोनला या दोन आकड्यांत १५ डेसिबलचं अंतर असतं, ३०० ओहमच्याला सुमारे ५ डेसिबलचं. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो.

सेनहायझर एचडी ६५० हा ३०० ओहमचा, १ व्होल्टला १०३ डेसिबल. संगीतातल्या सर्वांत मोठ्या क्षणाला ११० डेसिबल हवे असतील तर ७ डेसिबल वाढवावे लागतील, म्हणजे साधारण २.२ व्होल्ट. डोंगल १०३ वर थांबेल. रोजच्या ऐकण्याला तेही पुष्कळ आहे, पण हळू आवाजात केलेल्या जुन्या रेकॉर्डिंगला कमी पडू शकतं. याउलट हायफायमॅन एचई-६ घ्या: ५० ओहम, १ मिलिवॅटला ८३.५ डेसिबल. ११० साठी जवळजवळ ४५० मिलिवॅट लागतात, म्हणजे ४.७ व्होल्ट. इथे डोंगल खरोखर तोकडा पडेल आणि मोठ्या ॲम्पने "जीव आला" असं वाटेल. ते वाटणं खरंच असेल, पण कारण ताकद हे आहे, किंमत नव्हे.

आउटपुट इम्पिडन्स मोजा

हेडफोनचा इम्पिडन्स सगळ्या सुरांना सारखा नसतो. एचडी ६५० सारख्या हेडफोनचा १०० हर्ट्झच्या आसपास ५०० ओहमपर्यंत चढतो. ॲम्पचा आउटपुट १ ओहम असेल तर त्याने काही बिघडत नाही. तो १२० ओहम असेल तर १०० हर्ट्झजवळचा बेस बाकीच्यापेक्षा साधारण १ डेसिबल वर येतो, आणि तो ऐकू येतो. बऱ्याच व्हॉल्व्ह ॲम्पच्या "ऊबदार" आवाजात याचाही वाटा असतो. अनेक बॅलन्स्ड आर्मेचरवाल्या (आत छोटे-छोटे अनेक ड्रायव्हर असलेल्या) इअरफोनचा इम्पिडन्स काही ठिकाणी १० ओहमच्याही खाली जातो, त्यांना तर १० ओहमचा ॲम्पही चालत नाही. ॲम्पचा आउटपुट हेडफोनच्या आठव्या हिश्श्यापेक्षा कमी असावा, हा साधा ठोकताळा.

मोजायची रीत: ४०० हर्ट्झचा सूर (एकसारखा टोन) लावा, हेडफोन न जोडता एसी व्होल्टेज ३०० मिलिव्होल्टवर आणा. मग ३३ ओहमचा रेझिस्टर आउटपुटला जोडून पुन्हा मोजा. व्होल्टेज जेवढं पडलं त्याला नव्या आकड्याने भागा आणि ३३ ने गुणा. ३०० चे २३० झाले तर ७० भागिले २३० गुणिले ३३, म्हणजे १० ओहम. २९० च्या वर राहिलं तर आउटपुट १ ओहमच्या आसपास आहे.

मीटर घेताना काळजी घ्या. दुकानात मिळणाऱ्या पिवळ्या स्वस्त मीटरची सर्वांत लहान एसी रेंज बहुधा २०० व्होल्टची असते, त्यावर मिलिव्होल्ट दिसणारच नाहीत. एसीची २ व्होल्ट किंवा त्याहून लहान रेंज असलेला मीटर हवा.

स्विचचा डबा

लागणारं सामान: थ्री-पीडीटी (3PDT, तीन तारा एकदम इकडून तिकडे बदलणारा) टॉगल स्विच एक, ३.५ मिमीचे स्टिरिओ सॉकेट तीन, प्लास्टिकचा डबा, वायर. टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे नसेल तर ऑनलाइन मिळतं. स्विचच्या मधल्या तीन पिना हेडफोनच्या सॉकेटला (डावा, उजवा, ग्राउंड), एका बाजूच्या तीन पिना अ ॲम्पला, दुसऱ्या बाजूच्या ब ॲम्पला.

दोनच तारा बदलणारा टू-पोल स्विच वापरून ग्राउंड कायमचा जोडू नका. काही ॲम्पचा ग्राउंडही सर्किट चालवत असतो, तो दुसऱ्या ॲम्पच्या ग्राउंडला भिडला तर नुकसान होतं. पत्र्याच्या डब्यात सॉकेटच्या धातूतून हेच घडतं, म्हणून डबा प्लास्टिकचा. बॅलन्स्ड आउटपुट (प्रत्येक कानाला वेगळ्या दोन तारा देणारे) या डब्याला अजिबात लावायचे नाहीत.

डॅक (डिजिटल गाण्याचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारं यंत्र) एकच ठेवा आणि त्याच्या आउटपुटला वाय केबल लावून दोन्ही ॲम्पना द्या. एका आउटपुटवरून दोन इनपुट चालतात, पण दोन आउटपुट एकत्र जोडायचे नसतात. हेडफोन लावायच्या आधी मीटर डीसीवर करून प्रत्येक ॲम्पचा आउटपुट बघा. ५० मिलिव्होल्टच्या वर डीसी दिसला तर त्या ॲम्पला हेडफोन लावूच नका.

आवाज सारखा करणं: सगळी मेहनत इथे

दोन ॲम्पमध्ये अर्ध्या डेसिबलचा फरक असला तर तो "मोठा" म्हणून कळत नाही, "स्वच्छ" आणि "भरीव" म्हणून कळतो. दुकानातली किंवा मित्राच्या घरची बहुतेक तुलना इथेच फसते. नॉब कानाने जुळवणं पुरत नाही.

फरक ०.१ डेसिबलच्या आत हवा, म्हणजे व्होल्टेजमध्ये साधारण १ टक्का. हेडफोन जोडलेला ठेवा पण कानावरून काढा, कारण पूर्ण पातळीचा सूर कानाला फार मोठा असतो. ४०० हर्ट्झवर अ ॲम्प ५०० मिलिव्होल्टला लावा आणि ब ॲम्प ४९५ ते ५०५ मध्ये आणा. मीटर थोडा चुकीचा असला तरी हरकत नाही, दोन्हीकडे सारखाच चुकेल. डावा आणि उजवा दोन्ही मोजा. नॉब अगदी खाली असताना स्वस्त पोटेन्शियोमीटरच्या (नॉबमागच्या भागाच्या) डाव्या-उजव्या बाजू जुळत नाहीत आणि गाणं एका कानाकडे सरकतं. म्हणून नॉब वर ठेवून आवाज प्लेयरमधून कमी करा, दोन्ही ॲम्पचा सारखाच कमी होईल. एकदा जुळलं की नॉबवर चिकटपट्टी लावा.

चाचणी

मदतनीस मागे बसवा. अ आणि ब हवे तेवढे ऐका, मग मदतनीस नाणं उडवून एक लावेल आणि तुम्ही तो कुठला ते सांगायचं. बदलाला एक टिक आणि न बदलता दोन टिक असं झालं तर कान ॲम्प सोडून टिक मोजतो. म्हणून मदतनीसाने दर वेळी गाणं थांबवून स्विच पाच-सहा वेळा हलवावा. उत्तर बरोबर की चूक, हे शेवटपर्यंत बोलायचं नाही.

फेऱ्या १६, आणि ही संख्या आधीच ठरवून ठेवा. नुसत्या अंदाजाने १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे, म्हणून १२ ही रेघ. दहापैकी आठवर खूश होऊ नका, ते नशिबानेही साडेपाच टक्के वेळा येतं. पाच-सहा फेऱ्यांनी कानाला विश्रांती द्या.

ऐकायला काय लावावं? ख्यालाची बंदिश क्षणाक्षणाला बदलते, आणि आवाजाच्या पोताची बारीक आठवण काही सेकंदांतच पुसट होते. तंबोऱ्याचं नुसतं रेकॉर्डिंग यासाठी फार चांगलं: आवर्तन तेच, आणि जवारीमुळे (तारेखालच्या दोऱ्याने घोडीवर येणाऱ्या झंकारामुळे) वरचे स्वर भरपूर. मिरजेत जवारी लावणारे कारागीर दोऱ्याच्या केसभर सरकण्याने बदललेला आवाज ओळखतात. असा कुणी ओळखीचा असेल तर त्याला आवर्जून बसवा, त्याच्याइतका कसून ऐकणारा परीक्षक मिळणार नाही. जोडीला पिंक नॉइज (सगळे सूर मिसळलेला एकसारखा सळसळ आवाज) ठेवा, इम्पिडन्सचा फरक त्यात चटकन सापडतो.

ऊस हंगामात रस्त्यावरून गाणी लावलेले ट्रॅक्टर जातात, पंख्याचाही आवाज असतो, म्हणून उघड्या पाठीच्या हेडफोनसाठी पहाटेची वेळ बरी. लाइट गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चाचणी चालू ठेवू नका, त्याची गुणगुण एका ॲम्पमध्ये जास्त शिरली की उत्तर फुटतं. अर्थिंग नसलेल्या जागीही तेच होतं. लॅपटॉप बॅटरीवर चालवा. गाणं बंद ठेवून फक्त खरखर ऐकण्याची चाचणीही करा. संवेदनशील इअरफोनवर ती वेगळी कळाली, तर तो खरा फरक आहे आणि तिथे शांत ॲम्प निवडावा.

१२ किंवा जास्त बरोबर आले तर

आधी पातळी पुन्हा मोजा. ती जुळत असेल तर १०० हर्ट्झचा सूर लावून दोन्ही व्होल्टेज परत बघा. ४०० ला जुळतात आणि १०० ला नाही, म्हणजे कारण बहुधा आउटपुट इम्पिडन्स. मग महागड्याचा मोजलेला इम्पिडन्स जेवढा जास्त आहे, साधारण तेवढ्याच ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर स्वस्त ॲम्पच्या डाव्या आणि उजव्या तारेत एकेक घाला, पातळी नव्याने जुळवा आणि १६ फेऱ्या पुन्हा घ्या. आता ७-८ च बरोबर आले, तर तो आवाज काही रुपयांच्या दोन रेझिस्टरमध्ये होता.