शिशासाठी पाणी टेस्टला द्यायचंय? मग आदल्या रात्रीपासूनच तयारीला लागा

सगळ्यात आधी लॅबला फोन करून विचारा की तुमच्याकडे शिसं तपासतात का, कारण साध्या टेस्टमध्ये पीएच, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या सगळ्याचं एकूण प्रमाण), क्षार आणि जंतू एवढंच बघतात आणि आपण रिपोर्ट बघून खूश. एनएबीएलवाली, म्हणजे लॅब तपासून मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेली लॅब असेल तर उत्तम. बाटल्या त्यांच्याकडूनच घ्या, आत थोडं अ‍ॅसिड टाकलेलं असेल तर विसळायची नाही.

रात्री किचनचा नळ बंद केला की कमीत कमी सहा तास घरात कुठलाच नळ सोडायचा नाही, फ्लशपण नाही, बादली भरून ठेवा. आणि सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, पहाटे चहाचं आधण ठेवायला पहिला नळ त्याच सोडतात!

सकाळी तोटीची जाळी न काढता थंड पाण्याची पहिलीच धार बाटलीत, एक लिटर. रात्रभर पाईपात थांबलेलं हेच पाणी आपल्याला हवंय, कारण शिसं बहुतेक वेळा धरणातून येत नाही, ते जुनी पितळी तोटी, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप, सोल्डरचा जोड, जुना पीव्हीसी पाईप यातनं उतरतं. नंतर पाच मिनिटं नळ चालू ठेवून दुसरी बाटली. मधलं पाणी बादलीत धरा, फरशी पुसायला होतंय, सोलापुरात पाणी गटारीत सोडायची कुणाची हिंमत आहे? तिसरी बाटली पाणी सुटतं त्या दिवशी, संपमध्ये (जमिनीखालच्या टाकीत) पडायच्या आधी थेट कॉर्पोरेशनच्या कनेक्शनवरून. आपल्याकडे उजनी धरणाचं पाणी काही दिवसांआड येतं, मग ते संप, टाकी, पाईप असं घरातच पडून राहतं, म्हणून ही बाटली महत्त्वाची. तिन्हींवर मार्करनं जागा आणि वेळ टाका.

रिपोर्ट येईपर्यंत पाणी उकळून प्यायचं का? जंतूंसाठी उकळा, पण शिसं त्यानं जात नाही, पाणी आटलं की उलट प्रमाण वाढतं. टीडीएस मीटरलाही ते कळत नाही. आरओनं निघतं, त्यातली गाळायची पडदी (मेम्ब्रेन) वेळेवर बदलत असाल तर. गीझरचं गरम पाणी प्यायला, स्वयंपाकाला नको, आणि बाळाचं पावडरचं दूध त्यात तर अजिबात कालवू नका. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा सगळ्यात जास्त परिणाम होतो, अभ्यासात लक्ष लागत नाही, आयक्यू घटतो, आणि बाहेरून काही दिसतपण नाही. गरोदर बाईलाही धोका, मोठ्यांना बीपी, किडनी.

रिपोर्टमध्ये लिटरला 0.01 मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा, याला सवलत नाही. त्याच्या वर आलं तर मुलांच्या रक्तातलं शिसं तपासायचं डॉक्टरांना विचारा. पहिली बाटली वाईट आणि बाकी दोन चांगल्या असतील तर आधी किचनची तोटी आणि तिथले जोड बदला, तिसरीच वाईट आली तर रिपोर्टची झेरॉक्स जोडून कॉर्पोरेशनच्या झोन ऑफिसला अर्ज द्या आणि पोच घ्या.