पाळी, प्लास्टिक आणि पाणी : गावातील मोहिमेची पूर्वतयारी

२८ मे हा मासिक पाळी स्वच्छता दिन. त्या दिवशी गावात प्लास्टिकमुक्त आणि परवडणाऱ्या साधनांची मोहीम सुरू करायची असेल, तर तयारी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच हाती घ्यावी. १ मेच्या ग्रामसभेआधी महिला सभा होते आणि आपली मागणी तिथूनच ठरावाच्या रूपाने पुढे जायला हवी. शिवाय ऊसतोडीचा हंगाम संपून बहुतेक टोळ्या तोवर गावी परतलेल्या असतात. ज्यांची अडचण सर्वांत मोठी, त्या बायकांना न विचारता आखलेली मोहीम गावात इतर कोणाच्या फारशा उपयोगाची ठरत नाही, असे मला वाटते.

पहिले काम पाहणीचे. आशाताई आणि बचत गटाच्या दोन-तीन जणींनी घरोघरी जाऊन काय वापरता, ते कुठून आणता, महिन्याला किती खर्च येतो आणि वापरलेले कुठे टाकता, एवढे विचारावे. वहीत कोणाचेही नाव लिहू नये. यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न पाण्याचा आहे आणि तोच बहुधा विसरला जातो. धुण्यापुरते पाणी, आतून कडी लागणारी न्हाणी आणि कापड उन्हात वाळत घालण्याची मोकळीक, या तीन गोष्टी जिथे नाहीत तिथे कापडी पॅडचा आग्रह धरू नये. उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहणाऱ्या बाईला पिण्याचे पाणीच लांबून आणावे लागते, एका दिवसाचा खाडा पडला तर पैसे कापले जातात, आणि अशा ठिकाणी ओले कापड दुसऱ्या कपड्यांखाली लपवून अर्धवट वाळवले जाते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, त्याच्या मुळाशी ही अवस्थाही होती. उन्हाळ्यातली टंचाई या पाहणीला सोयीचीच म्हणायची, कारण त्या दिवसांत जे साधन वापरता येते ते वर्षभर वापरता येईल.

दुसरे काम नमुने जमवण्याचे. बाजारातले नेहमीचे पॅड, कापडी पॅड, मासिक पाळीचा कप (योनीमार्गात बसवून रक्त साठवणारा आणि धुऊन पुन्हा वापरता येणारा लहान पेला) आणि मिळाल्यास वनस्पतिजन्य लगद्याचे पॅड, असे प्रत्येकी दोन तरी हाताशी असावेत. गोव्यात डिचोली तालुक्यातील पिळगावच्या स्त्रियांनी पाइनच्या लगद्यापासून असे पॅड तयार केले आहेत. नेहमीचे पॅड सर्वांसमोर कात्रीने उघडून दाखवावे. वरचा मऊ थर, आतले द्रव शोषून फुगणारे दाणे आणि खालचा पातळ प्लास्टिकचा पापुद्रा बायकांनी स्वतःच्या हाताने चाचपून पाहिला, की वेगळ्या व्याख्यानाची गरज उरत नाही. जनऔषधी केंद्रातील पॅड ऑगस्ट २०१९ पासून एक रुपयाला मिळते. ते ऑक्सो-बायोडिग्रेडेबल असते, म्हणजे प्लास्टिकमध्ये त्याचे तुकडे लवकर व्हावेत असे द्रव्य मिसळलेले असते. ते स्वस्त आहे हे आवर्जून सांगावे, पण त्याला प्लास्टिकमुक्त म्हणू नये. कापडी पॅड घाऊक घेणार असाल तर ते पुन्हा वापरता येणाऱ्या पॅडसाठीच्या आयएस १७५१४ या २०२१ च्या भारतीय मानकाप्रमाणे आहेत का, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे.

कपाविषयी सर्वांत जास्त प्रश्न येतील, म्हणून उत्तरे देण्यासाठी आरोग्य उपकेंद्रातील परिचारिकेची वेळ आधीच घेऊन ठेवावी. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकाने ४३ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यात कप सुरक्षित असल्याचे आणि गळतीच्या बाबतीत इतर साधनांइतकाच किंवा अधिक चांगला असल्याचे आढळले. केरळातील कुंबळंगी या गावाने कपांचे वाटप करून जानेवारी २०२२ मध्ये स्वतःला सॅनिटरी नॅपकिनमुक्त जाहीर केले. लग्न न झालेल्या मुलींच्या आयांना मात्र आकडे नको असतात. त्यांच्या मनात कौमार्याची भीती असते आणि तिच्यावर मोकळेपणाने बोलणारी बाईच तिथे हवी.

तिसरे काम कचऱ्याचे. गावात पाळी येणाऱ्या तीनशे जणी आहेत आणि प्रत्येकीला महिन्याला बारा पॅड लागतात असे धरले, तर वर्षाला ४३,२०० पॅड होतात. ती कोण उचलते, कुठे नेते आणि उघड्या हातांनी हाताळते का, याची नोंद करावी. २०१६ च्या घनकचरा नियमांनी गुंडाळण्यासाठी पिशवी किंवा वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. पुण्यातील ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक महिलांनी २०१३ मध्ये वापरलेल्या पॅडच्या गोण्या कंपन्यांकडे परत पाठवल्या होत्या, आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्याही त्या तयार करतात. तशा पिशव्या बचत गटाला सहज शिकता येतील. शाळेला कोणी जाळण्याचे यंत्र भेट देऊ केले तर ते किती तापमान गाठते, हे आधी विचारावे. कमी आचेवर प्लास्टिक जाळले तर विषारी धूर शाळेच्याच आवारात राहतो.

ठरावाचा मसुदा एका पानापेक्षा मोठा नसावा. ग्रामपंचायतीच्या महिला व बालकल्याणासाठी राखीव दहा टक्के निधीतून काय मागायचे, ते वस्तू आणि रक्कम यांसह लिहावे. जिल्हा परिषद शाळांतील मुलींना पाच रुपयांत आठ पॅड देण्यासाठी राज्याने २०१८ च्या महिला दिनी अस्मिता योजना सुरू केली होती. आपल्या शाळेत प्रत्यक्षात काय पोहोचते, ते मुख्याध्यापकांकडून समजून घ्यावे. फलकावर ‘कर रद्द करा’ असे लिहू नये, कारण सॅनिटरी नॅपकिनवरील जीएसटी जुलै २०१८ मध्येच हटला आहे. प्लास्टिकचे पॅड वापरणाऱ्या बाईला अपराधी वाटेल असा मजकूरही टाळावा. तिला तेच मिळते आणि तेच परवडते, दोष तिचा नाही.

२८ मेच्या आदल्या दिवशी कात्री, पाण्याची कळशी, पसरण्यासाठी जुने वर्तमानपत्र, कप उकळण्याचे पातेले आणि प्रश्न लिहून टाकण्यासाठी झाकणाचा डबा, एवढे एका पिशवीत भरून ठेवावे. मे महिन्यात शाळा बंद असते, त्यामुळे सभा तिथे घेणार असाल तर तिथल्या स्वच्छतागृहाची किल्ली कोणाकडे आहे आणि टाकीत पाणी आहे का, हे सभेच्या निमंत्रणाआधीच पाहून घ्यावे.