वाऱ्याचा अंदाज आणि वीज धोरण : या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी

पवनऊर्जेच्या अंदाजाचे काम शिकू पाहणारे पुण्यातील विद्यार्थी मला बहुधा एकच प्रश्न विचारतात, की आधी हवामानशास्त्र शिकावे की मशीन लर्निंग. दोन्ही शिकावे, पण त्याच्या जोडीने महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाची २०१८ ची अंदाज, शेड्यूलिंग व विचलन आकारणीची (म्हणजे कळवलेल्या आणि प्रत्यक्ष निर्मितीतील फरकावर शुल्क लावण्याची) नियमावली पहिल्याच महिन्यात वाचून काढावी, असे माझे ठाम मत आहे. चांगला अंदाज म्हणजे काय, हे व्यवहारात ती नियमावलीच ठरवते.

दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येक भागात किती वीज येईल, हे पवन प्रकल्पांना राज्य भार प्रेषण केंद्राला (राज्यातील विजेच्या मागणी-पुरवठ्याचा मेळ घालणारी यंत्रणा) आगाऊ कळवावे लागते; या कळवलेल्या आकड्यांना शेड्यूल म्हणतात. वाऱ्यातील ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे सेकंदाला ८ मीटर वेग सांगितला आणि प्रत्यक्षात ७ मीटरच मिळाला, तर ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने घटते. त्यात चाळकेवाडी, वनकुसवडे यांसारखी साताऱ्याची पठारे अधिक कठीण, कारण हवामान मॉडेल नकाशाचे जे चौकोन पाडते, त्यांतल्या एकाच चौकटीत पठार आणि शेजारची दरी यांची सरासरी होऊन बसते. पुण्यात पाषाणच्या आयआयटीएम (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) या संस्थेत विकसित झालेली आणि मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम ही हवामान अंदाज प्रणाली ६ किलोमीटरच्या चौकटीपर्यंत आली आहे, ही मोठीच प्रगती आहे. तरीही पठाराच्या कडेवरचा वारा पकडायला स्थानिक मोजमापांची जोड द्यावीच लागते.

आता आकारणी पाहा. उपलब्ध क्षमता (चालू स्थितीतील पवनचक्क्यांची एकूण क्षमता) ५० मेगावॉट, शेड्यूल ३० आणि प्रत्यक्ष निर्मिती २० असेल, तर १० मेगावॉटची तूट क्षमतेच्या २० टक्के होते. मूळ नियमावलीप्रमाणे १५ टक्क्यांपर्यंत शुल्क नाही. उरलेल्या अडीच मेगावॉटचे १५ मिनिटांत ६२५ युनिट होतात आणि ५० पैशांच्या दराने ३१२ रुपये ५० पैसे भरावे लागतात. हाच भागाकार क्षमतेऐवजी शेड्यूलने केला, तर चूक ३३ टक्के दिसते. वारा तोच आणि अंदाजही तोच, पण छेद बदलला की मंद वाऱ्याच्या महिन्यांत निर्मात्याचे सारे गणित बदलते. म्हणून धोरणातील सुधारणेची चर्चा या छेदापासून सुरू व्हावी, असे मला वाटते.

दुसरी सुधारणा एकत्रित हिशेबाची. साताऱ्यातील तूट आणि धुळ्यातील वाढ काही प्रमाणात एकमेकींना भरून काढतात आणि ग्रिडला निव्वळ फरकच जाणवतो, तेव्हा हिशेबही शक्य तितक्या मोठ्या क्षेत्राचा असावा. तिसरी, आणि माझ्या लेखी सर्वांत निकडीची, विदेची (डेटाची). किती पवनचक्क्या दुरुस्तीसाठी बंद होत्या, निर्मिती कमी करण्याचा आदेश केव्हा आला, ही नोंद खुली नसेल तर बंद यंत्राचा दोषही अंदाजाच्याच माथी जातो.

नियमावलीचा मसुदा निघाला की आयोग हरकती व सूचना मागवतो आणि त्या कोणालाही पाठवता येतात. विद्यार्थ्यांनी ही संधी जरूर घ्यावी. वीज नियमनाची भाषा अंगवळणी पडण्यासाठी वीज धोरणाचा अभ्यास करणाऱ्या पुण्यातीलच प्रयास ऊर्जा गटाचे अहवाल उपयोगी पडतात. सूचना पाठवताना मात्र मोघम लिहू नये. एखाद्या पावसाळ्यातील आकडे घेऊन, जुन्या आणि प्रस्तावित सूत्राने शुल्क किती येते याचा तक्ता सोबत जोडावा.