तुरुंगात साथ आली की आधी काय करायचं

मी तुरुंगाच्या दवाखान्यात नर्स आहे. कोविडमध्ये एक गोष्ट पक्की कळली: कैदी ताप लपवतात, आणि त्याला बहुतेकदा आपणच कारणीभूत असतो. आजाऱ्याला शिक्षेच्या कोठडीत टाकलं की बाकीचे खोकला चादरीत दाबतात.

म्हणून विलगीकरणाची खोली आधीच ठरवा, आणि ती शिक्षेची नको. पुस्तकं, रेडिओ, घरी फोन सगळं चालू ठेवा. दिवसातून दोनदा ताप नि ऑक्सिजन बघा, आणि मशीन बोटाला लावलेलं असताना दोन शब्द बोला. जेवण काय मिळालं, एवढं विचारलं तरी माणूस मोकळा होतो. दिवसाचे 22 तास कुणाशी नीट बोलणंच नाही, याला मंडेला नियम (कैद्यांना कसं वागवावं याचे संयुक्त राष्ट्रांचे नियम, 2015) एकांतवास म्हणतात. सलग 15 दिवसांपलीकडे तो चालत नाही.

नव्यांना थेट बराकीत सोडू नका. एका दिवशी आलेले एकत्र, पण काही दिवस बाकीच्यांपासून वेगळे ठेवा. मध्येच नवा घातलात तर सगळ्यांचे वेगळं राहण्याचे दिवस पुन्हा पहिल्यापासून. झोपताना एकाच्या डोक्याशी शेजाऱ्याचे पाय. खिडक्या उघड्या. साबण फुकट, मागायला न लावता.

तपासणी आपलीही करा. भेटी बंद असल्या तरी आपण रोज गेटातून ये-जा करतोच ना!

खोकला दोन आठवडे हटला नाही, तर क्षयाची तपासणी विसरू नका. आणि कुणी सुटत असेल, तर चालू औषधं नि चिठ्ठी हातात देऊनच सोडा.